आ करा, आजी!

आमच्या बालवाडीच्या बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दात राहत. खोपोलीच्या बाजारात एकदा आमच्या शेजारच्या भाऊंनी त्यांना तीनदा हाक मारली, "बाई, वळखलं का?" बाई आपल्या बघतायत, चष्मा पुसतायत, पुन्हा बघतायत. शेवटी भाऊ ओशाळून हसले. तशा बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही होय! वरची डावी दाढ काढली की नाही अजून?" भर बाजारात, वांग्यांच्या ढिगापुढे. भाऊंनी त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात हसणं बंद ठेवलं होतं.

बाई कडावच्या. घरी भातशेती, चार म्हशी, भावाचा दुधाचा धंदा. सकाळी भावाचा टेंपो दुधाचे कॅन भरून खोपोलीकडे निघे, त्यात पुढे ड्रायव्हरशेजारी बाई बसलेल्या. आमच्या फाट्यावर उतरत तेव्हा अंगाला दुधाचा वास आणि हातात एक स्टीलचा डबा. पहिला आठवडाभर आम्हाला वाटलं, जेवणाचा आहे. त्यात बॅटरी, हातात मावेल एवढा आरसा आणि त्यांचा स्वतःचा ब्रश होता. जेवणाचं त्या विसरूनच येत.

बालवाडी एका संस्थेची होती. संस्थेचं ऑफिस खालापूरला, आणि बालवाडी आमच्या गावात देवळामागच्या खोलीत. मी तेव्हा महिला मंडळाची अध्यक्ष. माझ्या नावाचा रबरी शिक्का होता. खोलीची किल्लीही माझ्याकडे असे, त्यामुळे बालवाडी माझीच आहे असं मला वाटे. आज आठवलं की त्या बाईला, म्हणजे मला, एक चापट मारावीशी वाटते. पण ती उलटून दोन मारील, एवढा तिचा तोरा होता.

पहिल्या दिवशी मी नारळ घेऊन बाईंच्या स्वागताला गेले. नवी साडी, केस काळे केलेले. माझं वय चव्वेचाळीस. मुलाचं लग्न लवकर झालं म्हणून नात झालेली, पण पस्तिशीची दिसतेस असं मला घरातल्या आरशानं सांगितलं होतं. बाईंनी नारळ घेतला, खाली ठेवला, बॅटरी पेटवली आणि म्हणाल्या,

"आ करा, आजी."

तीन शब्दांत दोन अपमान. मी पदर तोंडावर घेतला, लाजल्यासारखं केलं आणि घर गाठलं.

या पदराचं गावात फार कौतुक होतं. "अध्यक्ष झाली, पण तोंडावरचा पदर नाय सोडला," असं म्हाताऱ्या आपापल्या सुनांना सांगत. कसली मर्यादा आणि कसलं काय! मशेरी होती ती. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना घासायची. नाव सकाळचं, पण दिवसातून सहा वेळा डबी उघडायची. पंधराव्या वर्षी आत्यानं हातावर चिमूटभर ठेवली होती, तेव्हापासून खंड नाही. दात आमच्या तव्याच्या बुडाचे सख्खे भाऊ शोभतील असे. भाषण करायची वेळ आली की मी ओठ न उघडता बोले. त्यालाही लोक भारदस्तपणा म्हणत.

आणि नेमक्या आमच्याच गावाला या बाई मिळाल्या.

त्यांची पद्धत अशी की पोरांचे दात त्या तपासतच नसत. पोरांनी मोठ्यांचे तपासायचे. सकाळी पोराला सोडायला जो येईल, आई, बाप, आजा, त्यानं दारात उकिडवं बसायचं. त्या दिवशीचा तपासनीस, वय वर्षं चार, बॅटरी घेऊन उभा असे. "आ करा." मग आत बघून तो मोठ्यानं सांगे, "मागं घाण हाय. कोपऱ्यात भाजी हाय." बाई म्हणत, "चित्र काढ." भिंतीवर भला मोठा कागद होता, त्यावर पोरं आपापल्या घरच्या माणसांची तोंडं काढत. आमचे सरपंच त्यात दोनच दातांचे होते, तेही एकमेकांपासून लांब.

मी नात सानूला शेजारणीबरोबर पाठवू लागले. तरीही सानूनं माझं चित्र काढलंच. डोळे, नाक, ही मोठी टिकली. आणि नाकाखाली कोरा कागद.

एकदा देवळापाशी मी बाईंना अडवलं. "बालवाडी पोरांची हाय का मोठ्यांची?"

बाई म्हणाल्या, "आजी, चार वर्षांचं पोर दुकानात जाऊन ब्रश आणतं का? साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन त्याला झोपवतं कोण? रडलं की बिस्किटाचा पुडा हातात देतं कोण? पोराचं तोंड म्हणजे निकालपत्र. पेपर ज्यानं लिहिला त्याला नको का बघायला?"

मी नुसत्या किल्ल्या वाजवल्या आणि घराकडे वळले.

खरं तर पोरांच्या तोंडावरूनच त्यांना अख्खं घर कळायचं. आमच्या गावातला एक जण खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करायचा. त्याला त्या दारातच म्हणाल्या, "दुसरी पाळी लागली वाटतं?"

"तुमाला कोण बोललं?"

"पोरगं घासून आलंय. पहिल्या पाळीला तुम्ही अंधारात निघून जाता, मग ते कुणाचं बघून घासणार? मागचा आठवडा नुसत्या चुळा भरून आलंय."

त्या माणसानं पुढं पहिल्या पाळीच्या आठवड्यात काय करावं? पोराला पहाटे उठवून घासायला लावायचा आणि पुन्हा झोपवायचा. बाईंनी त्याला डबल शाबासकी दिली. त्याची बायको मात्र बाईंना शिव्या देत फिरायची.

डोंगरावरच्या वाडीतून एक बाई मोळी घेऊन उतरे, तिची दोन पोरं बालवाडीत होती. करंजाची काडी चावत चावत तिघं खाली येत. तिनं आ केला आणि तपासनीसाला सांगण्यासारखी घाणच सापडेना. बाईंनी आम्हा सगळ्या बायकांना हाक मारून ते दात दाखवले. मोळीवाली खळखळून हसली. "आमच्याकडं दुकान नाय ना, बाई. दातांना खाईल असं काय मिळतच नाय."

हे ऐकून बाई तडक गावातल्या अण्णांच्या दुकानात गेल्या. तिथं कुरकुरीत पुड्यांच्या माळा पोरांच्या नाकाशी लोंबत होत्या आणि ब्रश सगळ्यात वरच्या फळीवर, उंदराच्या औषधाशेजारी.

"अण्णा, ब्रश खाली लावा."

अण्णा हसले. "बाई, पोरं ज्याच्यासाठी रडतात ते आमी खाली लावतो. बरशासाठी कोण रडतंय?"

 दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बालवाडीतून असा आकांत उठला की मी हातातलं पिळायचं धुणं टाकून धावले. म्हटलं, साप निघाला. खिडकीतून पाहते तर बाई स्वतः जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, पदर खोचलेला, टाचा आपटतायत. "हां, असं. आधी पाय. मग आवाज. डोळ्यात पाणी नसलं तरी चालेल, पण मध्येच थांबायचं नाही. चला, मला बरश पायजेऽऽ!"

बावीस पोरं. "मला बरश पायजेऽऽ!"

असा रडण्याचा तास चार दिवस चालला. पाचव्या दिवशी संध्याकाळी अण्णांच्या दुकानापुढं सहा पोरं धुळीत लोळत होती आणि त्यांच्या आया डोक्याला हात लावून उभ्या होत्या. पुडा दिला तर पोरं फेकून देत. अण्णांचे ब्रश संपले, मग ते खोपोलीहून आणखी घेऊन आले आणि निमूटपणे माळेला लावले. सगळ्यात जास्त वेळ रडणारी पोर आमची सानू. वाईट दिसत होतं, पण मनातून मला जरा अभिमानच वाटला. तिला मी ससा चिकटवलेला गुलाबी ब्रश घेऊन दिला.

तो ब्रश पेल्यात उभा राहिला, तो राहिलाच. सून सकाळी साडेसहाला खोपोलीला पॅकिंगच्या कामाला जाई. मुलगा टेंपो घेऊन कुठल्या कुठे. घरात उरले कोण, तर मी. आणि मी मागच्या पायरीवर डबी उघडून बसलेली. सानू पेल्याकडे बघे, माझ्याकडे बघे, आणि येऊन माझ्या शेजारी बसे.

"मला पन दे ना गं."

"हे बाळांचं नाय."

तिनं आधी पाय आपटले. मग आवाज. मध्ये थांबायचं नाही, हेही तिला शिकवलेलं होतंच. आजूबाजूच्या घरातून माणसं डोकावायला लागली. तेव्हा मी, महिला मंडळाची अध्यक्ष, रबरी शिक्क्याची मालकीण, मोहरीएवढी मशेरी तिच्या बोटाला लावून दिली. म्हटलं, "कुनाला बोलायचं नाय हां. आपल्या दोगींचं गुपित."

गुपित मिळाल्यावर ती इतकी हरखली! रोज सकाळी दोघी पायरीवर बसून दात घासायचो. मला वाटे, किती जीव लावते पोर आजीला.

मग एक दिवस बाई स्वतः सानूला कडेवर घेऊन दारात आल्या. पोर पांढरी फटक. बालवाडीत चक्कर आली, दोनदा उलटी झाली. त्या दिवशी डबी माझ्या हातून उघडी राहिली होती आणि तिनं आपल्या हातानं मनासारखी घेतली होती, हे मला बघताक्षणी कळलं. बाईंनी तिला माझ्याजवळ दिली आणि म्हणाल्या, "हिचं बोट हुंगा, आजी."

"चुलीतली राख असंल," मी म्हटलं.

 बाई ओरडतील, गाव गोळा करतील, म्हणून मी दार धरून तयार उभी. पण त्या "हिला आज नुसती पेज द्या" एवढंच बोलल्या आणि गेल्या.

शहाण्या बाईनं त्या दिवशी डबी शेणखतात टाकली असती. मी काय केलं? रात्रभर विचार केला की या बाई आज ना उद्या बोलणार, तेव्हा आपणच आधी बोललेलं बरं. सकाळी कागद काढला. बाई थोरामोठ्यांचा अपमान करतात. बाई मुलांना रडण्याचे शिक्षण देतात. बाई बदलून मिळाव्यात. माझी पहिली धरून नऊ बायकांच्या सह्या झाल्या. पाळीवाल्याच्या बायकोनं तर विचारायच्या आत केली. खाली माझा शिक्का, जरा वाकडा बसला म्हणून पुन्हा एकदा.

डबी मी त्या दिवसापासून वर फडताळात ठेवू लागले. म्हणजे माझं चालूच.

पंधरवड्यानं संस्थेचे साहेब खालापूरहून जीप घेऊन चौकशीला आले. सगळ्या बायका बालवाडीत जमल्या. साहेबांनी उंबऱ्यात पाय ठेवला तोच बॅटरी त्यांच्या हनुवटीखाली. त्या दिवसाची तपासनीस नेमकी आमची सानू. "आ करा."

साहेब बिचारे गोंधळून उकिडवे बसले. "मागं लाल लाल हाय," सानू म्हणाली. साहेबांनी घाईनं तोंड मिटलं आणि खिशातली पानाची पुडी हातानं दाबली.

"बाई, तुम्ही मोठ्यांचा असा अपमान रोज करता?"

"रोज करते."

"मुलांना रडायला शिकवता?"

"शिकवलं. आता त्यांचं त्यांना येतं."

"तक्रार खरी निघाली तर तुम्हाला उद्यापासून यायला नको, कळतंय ना? काही सांगायचंय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर दातांत घट्ट धरला. आता सांगतील. बोट, उलटी, सगळं.

"नाही," बाई म्हणाल्या. "सांगण्यासारखं काही नाही."

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. "अध्यक्षबाई, पहिली सही तुमची. तुमचे दात यांनी कधी तपासले?"

"माजे? नाय बा. मी नाय तपासू दिले."

"मग तुमचा अपमान कसा झाला?"

बायकांत खसखस पिकली. साहेब म्हणाले, "तपासा बघू एकदा. कसा अपमान होतो ते मला बघू दे."

सुटका नव्हती. मी खाली बसले. सानूनं बॅटरी पेटवली. मी पदर कडेला केला आणि तिच्यापुरतं, तिला एकटीला दिसेल एवढंच तोंड उघडलं. आत काय आहे ते त्या पोरीला पाठ होतं, रोज शेजारी बसून बघितलेलं. तिनं बघितलं. बॅटरी विझवली. मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाली,

"पांढरे हायत. आजीचे समदे पांढरे हायत."

साहेबांनी मान डोलावली. खरं सांगते, एक क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

बाई हळूच म्हणाल्या, "सानू, परत बघ गं."

सानूनं परत बॅटरी लावली नाही. तिनं आपला तळवा माझ्या तोंडावर ठेवला. "बंद कर ना, आजी," म्हणाली, आणि रडायला लागली. पाय आपटले नाहीत. आवाज नाही. हे रडणं बाईंनी शिकवलेलं नव्हतं. हे मी शिकवलेलं होतं.

मी तिचा हात बाजूला केला, बायकांकडे तोंड केलं आणि आ केला. टाळूपर्यंत.

"अगं बया!" पाळीवाल्याची बायको किंचाळली. एक म्हातारी नीट बघायला पुढे सरकली.

"बगा, समद्या बगा," मी म्हटलं. "एकोणतीस वर्षांची मशेरी हाय. आनि या पोरीला मीच दिली, माज्या हातानं. बाईंना ठावं होतं, तरी त्या बोलल्या नायत. साहेब, लिवा तुमी हे." साहेब लिहीत नव्हते. त्यांचं पेन खाली पडलं होतं आणि ते सानूनं उचलून त्यांच्या हातात दिलं.

मशेरी कशी सुटली हे सांगत बसत नाही, सांगण्यासारखं त्यात शिव्यांशिवाय फार काही नाही. बाई पुढे दोन महिने पहिल्या खेपेच्या टेंपोनं येऊन सकाळी आमच्या मागच्या पायरीवर बसत. एका बाजूला सानू, एका बाजूला मी, मध्ये त्या. तिघींच्या तोंडाला फेस. माझं डोकं फुटायला आलेलं असे. मी म्हणे, "बाई, जीव जाईल माजा." त्या फेसातूनच म्हणत, "जाईल तेव्हा बघू. मागच्या दाढा राहिल्या." कधी गोड बोलल्या नाहीत, कधी पाठ थोपटली नाही. दोनदा मी त्यांना हाकलून दिलं, दोन्ही वेळा त्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि आदल्या दिवशीचं त्यांना काही आठवत नसे. चेहरे विसरत तसं भांडणही विसरत असाव्यात. सानू मात्र सांगावं न लागता घासू लागली, कारण शेजारी दोन मोठी माणसं रोज तेच करत होती. सानू आता कॉलेजात आहे आणि मला नकली दातांच्या कवळीवरून ऐकवते.

त्या चौकशीच्या दिवसाचं एक राहिलं. साहेब जीपमध्ये बसता बसता मला म्हणाले, "अध्यक्षबाई, तुमचे दात ही वेगळी बाब. अर्जावर नऊ सह्या आणि दोन शिक्के आहेत. तो मागे घ्यायचा छापील कागद ऑफिसातच मिळतो, तो पाच वाजेपर्यंत तिथं भरून दिला नाही, तर उद्या बाईंना मला थांबवावंच लागेल."

तीन वाजून गेले होते. मी सानूला बाईंजवळ ठेवलं, आहे त्या साडीनिशी फाट्यावर पळाले आणि मिळेल त्या रिक्षात स्वतःला कोंबून घेतलं. खालापूरला उतरून जिना चढले तेव्हा ऑफिसातली पोरगी कपाटाला कुलूप घालत होती. तिनं वैतागून एक छापील कागद पुढे केला. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, सही केली.

"कारणाचा रकाना राहिला, काकू."

"असंच मागं घेते म्हणून लिव."

"असंच चालत नाही. रिकामा रकाना साहेब परत पाठवतात."

मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं: 'बाईंचे बरोबर आहे. तक्रार करणारीचे दात काळे आहेत.'

पोरीनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. "काकू, हे खरंच असंच ठेवू?"

"ठेव गं बाय," मी म्हटलं, "बाईंना उद्या यायचंय."